मामाजींच्या मशीनची घूं

भाऊबीज उलटली की माझ्या दुकानातला फोन शांत बसत नाही. लवकर येणारा हलका धान कापून झालेला असतो, उशिरा येणारा भारी धान अजून बांध्यांत उभा असतो, आणि त्या मधल्या दिवसांत आमच्या गोंदियाकडे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीची नव्हे. पुण्याच्या माणसाला हे दरवेळी सांगावं लागतं. आमची मंडई म्हणजे गावची जत्रा. पाळणे, गरम जिलेबी, माहेरी आलेल्या लेकी, आणि भरदुपारी मांडवात रंगलेली दंडार, म्हणजे आमचं गाण्या-नाचाचं लोकनाट्य. दंडार आली की भोंगा आला, आणि भोंगा आला की त्याला आवाज पुरवणारा अॅम्प्लिफायर आला. त्याला आमच्याकडे कुणी अॅम्प्लिफायर म्हणत नाही, मशीन म्हणतात. वर्षभर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडलेली ती मशीन ऐन मंडईच्या आदल्या दिवशी मुकी होते आणि मोटारसायकलवर मांडीत बसून फुलचूरला माझ्याकडे येते. "ताई, उद्या मंडई हाय," असं आणणारा अशा आवाजात सांगतो, जणू ती मीच बंद पाडली.

यंदाही बाकावर मशिनी ओळीनं बसल्या आहेत. एकीच्या पोटात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय, दुसरीतून मूठभर धानाचा कोंडा निघाला. हात चालू आहेत, पण चित्त थाऱ्यावर नाही. काल मामाजींचा फोन आला होता. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. सौंदडच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथं ते राहतात. फोनवर ते जे बोलले ते मनातून जात नाही. पण ते सांगायचं तर आधी मागच्या वर्षीची मंडई सांगायला हवी.

मामाजी दंडारीत नमन म्हणतात. बाकी दंडार ढोलकी-टाळाच्या गजरात चालते, पण सुरुवातीचं नमन एकट्याचं, मागचे फक्त साथ देतात. पडद्यामागून कानावर हात ठेवून ते पहिला सूर लावतात आणि तो सूर धरूनच पडदा सारून पुढे येतात. आमच्या दंडारीत पेटी नाही. पेटी नाटकवाल्यांची, असं मामाजी तोंड वाकडं करून सांगतात. "माया सूर माया पोटातून येते. त्याले डबडं कायले पायजे?"

आणि त्यांची मशीन. दंडारीची म्हणून गावानं कधीकाळी वर्गणी काढून घेतलेली, राखाडी रंगाची, पुढे दोन मोठी बटनं असलेली, उचलताना कंबर धरणारी. ती नेहमी मामाजींच्या खोलीत, त्यांच्या खाटेखाली. त्यांना तिच्यावर जेवढी माया, तेवढी सासूबाईंवर असती तर सासूबाईंनी आयुष्यभर तक्रार केली नसती, असं सासूबाईच म्हणायच्या.

मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला तेव्हा सगळ्या वर्गात एकटी मुलगी होते. लग्नानंतर तो कागद ट्रंकेत गेला असता. पण मामाजींनी एक दिवस ही मशीन माझ्यापुढे आणून ठेवली. "पाय बरं, सूनबाई, काऊन खरखरून राहिली?" एक सुटलेली तार होती, मी जोडली. त्यानंतर त्यांनी गावभर सांगितलं की सुनेच्या हाताला गुण आहे, आणि आमच्या ह्यांच्या मागे लागून फुलचूरला घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकायला लावलं. अजूनही त्यांच्यासमोर मी खुर्चीवर बसत नाही, डोक्यावरचा पदर पडू देत नाही, आवाज चढवत नाही. पण त्यांच्या मशीनचं झाकण काढून तिच्या आतड्यात हात घालते, ते चालतं. रीतीभातींचं असंच असतं, कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर ती मशीन अगदीच मुकी झाली. आवाज मोठा करणारे शेवटचे दोन ट्रान्झिस्टर जोडीनं काम करतात. त्यातला एक जळाला होता. जोडीतला एक गेला की दुसराही बदलावा लागतो. नवा आणि जुना एकमेकांशी जुळवून घेत नाहीत, एक ओढतो, दुसरा रेंगाळतो, आणि आवाज फाटतो.

आता जोडी मिळवणं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. नंबर तोच, तोंडवळा तोच, पण आतला जीव लहान. कुठल्यातरी हलक्या ट्रान्झिस्टरवरचा जुना नंबर घासून त्यावर पाहिजे तो नंबर छापतात. मी नखानं खरवडून बघते. छाप निघाली तर माल परत. गोंदियाच्या बाजारात दुकानदार मला बघूनच हसला. "मैडम, अब ये सब कौन बनाता है? नया बोर्ड डाल दो, ब्लूटूथ भी आएगा।" ब्लूटूथ घेऊन मामाजी काय करणार? नागपूरला सीताबर्डीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. परतताना गाडीत खिडकीपाशी बसले. पलीकडे कापणी चाललेली, बायका वाकलेल्या, धानाचा तो ओला गोड वास डब्यात येत होता, आणि माझ्या पर्समध्ये जोडी नव्हती. फार वाईट वाटलं. एक वस्तू चाळीस वर्षं इमानानं चालते आणि बोटाएवढ्या तुकड्यासाठी भंगारात जाते, हे मला अजूनही पचत नाही.

शेवटी जोडी मिळाली ती मुर्रीच्या भजनी मंडळाच्या मेलेल्या मशीनमध्ये. आमच्या धंद्यात ही जुनी रीत आहे: मेलेली मशीन कुणी फेकत नाही, तिचे अवयव दुसरीला लागतात. मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी आधी मशीनला हळदकुंकू लावलं, मग म्हणाले, "ने पोरी. कोठं तरी बोलन ते."

जोडी बसवली. मशीन बोलली. आणि तिथंच मी थांबायला हवं होतं.

पण उघडलीच आहे तर आणखी बघू, ही आम्हा कारागिरांची खोड. मशीन चालू केली की भोंग्यातून एक बारीक घूं यायची, न थांबता. आत विजेची धार सपाट करणारे मोठे कंडेन्सर असतात. ते वाळले की अशी घूं येते. आम्ही तिला हमिंग म्हणतो आणि ती मशीनचा दोष मानतो. ती घूं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. कुणी तक्रार केली नव्हती, कुणी काढ म्हटलं नव्हतं. मला मात्र वाटलं, मामाजींची मशीन आहे, अशी चकचकीत करून देऊ की गाव बघत राहील. नवे कंडेन्सर टाकले. बटन दाबलं. भोंगा असा शांत की चालू आहे की बंद ते कळेना. जुने कंडेन्सर भंगारवाल्याला देऊन टाकले आणि स्वतःवर खूश होऊन चहा केला.

त्या वर्षीची पहिली मंडई शेजारच्या गावची. मी मशीनपाशी, पडद्याच्या मागे जमिनीवर बसले होते. मामाजी आले, कानावर हात ठेवला, डोळे मिटले. आणि थांबले. एरवी ते कधी थांबत नसत. मग सूर लावला, तो वर गेला. खाकरून पुन्हा लावला, तर खाली. पडदा सारून ते पुढे गेले तेव्हा त्यांचा सूर आणि मागे साथ देणाऱ्यांचा सूर यांची गाठच पडेना. नमन कसंबसं संपलं. मांडवात कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. लोक जिलेबीच्या दुकानाकडे बघायला लागले.

मामाजी आत येऊन माझ्याशेजारी बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि दिवस तर थंडीचे.

"गळा गेला, सूनबाई," ते म्हणाले.

"असं कायले म्हणता, मामाजी? सर्दी असन."

"सर्दी मले समजत नाही का? सूर सापडूनच नाही राहिला. पहिले कसा आपसूक येऊन बसे." थोडं थांबून म्हणाले, "आपल्या गावच्या मंडईले एकडाव उभा राहीन. लोकायले सांगीन का मायं झालं. मंग नमन बंद."

ते नमन दुसऱ्या कुणाला येत नाही. मामाजींच्या थोरल्या भावाला येत होतं. दोघं मिळून म्हणायचे, भाऊ सूर द्यायचा आणि मामाजी उचलायचे. भाऊ गेल्यावर मामाजी एकटे. आता तेही बंद म्हणजे कायमचं बंद. त्या रात्री त्यांनी भाताला हात लावला नाही. नव्या तांदळाचा भात, सगळ्या घरात त्याचा वास भरलेला, आणि ताट तसंच. मला रडू आलं. मशीन इतकी सुंदर केली आणि माणूस असा बसला, याचा मला राग येत होता, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

आमचे हे रेल्वेत आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीवर सोपा उपाय सुचतो. म्हणाले, "मोबाईलवर तानपुरा लावून दे ना बाबूजीले." लावून दिला. मामाजींनी मोबाईलकडे असं बघितलं, जणू त्यानं त्यांचा बाप काढला. "ह्या डबड्याच्या सुरात मी गाऊ?" विषय संपला.

मग एक दिवस मी गावी शेतावर डबा घेऊन गेले. भारी धान कापायला आला होता. बांधाच्या कोपऱ्यावर विजेची डीपी आहे, खांबावर बसवलेला तो मोठा ट्रान्सफॉर्मर. मामाजी डीपीच्या सावलीला विळ्याला धार लावत बसले होते, आणि गात होते. नमनच. भरल्या गळ्यानं, अगदी जुन्यासारखं. मी बांधावरच उभी राहिले. गळा तर कुठेही गेला नव्हता. ते उठले, गात गात धानात शिरले, पुढे गेले, आणि सूर हळूहळू घसरला. थांबले, मान हलवली, गप्प झाले.

मी डब्याची पिशवी खाली ठेवली आणि डीपीखाली जाऊन उभी राहिले. वरून घूं येत होती. अखंड, एका सुरात. वीज जिथे जिथे गुंगते तिथे तिचा सूर एकच असतो, हे मला आयटीआयमध्ये शिकवलं होतं. ती खांबावर गुंगो, मोटारपंपात गुंगो, की वाळलेल्या कंडेन्सरातून भोंग्यात येवो.

भाऊ गेल्यापासून मामाजी सूर कुठून घेत होते ते मला त्या क्षणी कळलं, आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं. पोटातून येणारा त्यांचा सूर त्या डबड्यातून येत होता. आणि मी तो साफ करून भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

सांगावं तर कसं? "मामाजी, तुमचा सूर मशीनचा होता" असं म्हटलं तर माणूस तिथंच खचला असता. न सांगावं, तर तो आपला गळा गेला म्हणून उठून चाललाय. बाजूला डीपी घूं करतेय आणि मी डब्याचं झाकण उघडून भाजी वाढतेय. "काऊन वो, असा चेहरा काऊन केला?" त्यांनी विचारलं. ऊन लागलं, मी म्हटलं. त्या थंडीत.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले आणि दुकानदाराला म्हटलं, वाळलेला कंडेन्सर पाहिजे, खराब. त्यानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "मैडम, अच्छा माल दो बोलके सब झगड़ते हैं। खराब माँगनेवाली आप पहली हो।" बाजारात सगळा माल नकली, पण मनासारखा खराब एकही मिळेना. मुर्रीच्या त्याच भजनी मशीनमध्ये मिळाला. बसवला. बटन दाबलं, आणि घूं आली. तीच. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. घराच्या बाहेरही डीपी आहे, दरवाजा उघडून दोन्ही सूर ताडून बघितले, बरोबर एक.

पण थोड्याच वेळात वास आला. मशीनमधल्या ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला तर ठेववेना. मामाजींच्या मशीनमधला कंडेन्सर नुसता वाळला होता. हा आतून फुटलेला होता, वीज गिळत होता. असा चालवला तर एक मंडई निघेल, दोन निघतील, मग ट्रान्सफॉर्मर जळणार. आणि तो कुठंच मिळत नाही. गोंदियात तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर भरून देणारा एक होता, तो आता ई-रिक्षाच्या बॅटऱ्या विकतो. ट्रान्सफॉर्मर गेला म्हणजे मशीन गेली. मामाजींच्या सुरासाठी त्यांची मशीन जाळायची? तो वास खोलीत भरून राहिला. मग कंडेन्सर काढला आणि नवा होता तो परत बसवला. घूं गेली. मशीन वाचली, आणि माझ्या हातात काही उरलं नाही.

आमच्या गावच्या मंडईचा दिवस उजाडला. मांडव भरलेला, धुरळा, पोरांच्या पिपाण्या, गुळाच्या पाकाचा वास. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, निरोपाला नेसतात तसं. ढोलकीवाला त्यांच्याकडे बघून नजर चुकवत होता. मी पडद्यामागे माझ्या जागी, मशीनच्या बाजूला. मशीन चालू, आणि तिचं आवाज नसणं मला टोचत होतं.

मामाजी आले. माझ्याकडे पाठ करून, पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. कानावर हात ठेवला. थांबले.

दंडारीत बाईमाणसानं तोंड उघडायचं नसतं. बायकांची सोंगंही पुरुषच घेतात. सासऱ्यासमोर सुनेनं गाणं तर कुणी ऐकलंही नसेल. हे सगळं मला ठाऊक होतं. मी ओठ मिटले आणि घूं सुरू केली. डीपीखाली उभी राहून डोक्यात बसवलेली तीच, हळू, नाकातून, भोंग्यातून यायची तशी.

मामाजींची पाठ ताठ झाली. मी बघितलं ते. हात कानावर घट्ट बसला, आणि त्यांनी सूर लावला. लागला. पडदा सारला आणि ते पुढे गेले.

माझी घूं चालू. मागचे साथ देणारे बावचळले, मग त्यांनीही उचललं. दुसऱ्या कडव्याला माझी छाती भरून आली. मशीनला श्वास घ्यावा लागत नाही, मला लागत होता. ओढून धरला, धरला, आणि शेवटी तुटलाच. तेवढ्यात घूं थांबली. मामाजींनी गाता गाता मान मागे वळवली. पडद्याच्या फटीतून त्यांची नजर मशीनवर गेली, आणि मग माझ्यावर. माझा पदर खांद्यावर पडला होता, तोंड लाल झालं असणार. मी घाबरले. पण पुन्हा ओठ मिटून सुरू केलं. त्यांनी तोंड समोर वळवलं आणि तिसरं कडवं उचललं. असं उचललं की जिलेबीवाला झारा हातात घेऊन मांडवाशी आला.

निरोपाचं ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

घरी मामाजी जेवायला बसले. मी भात वाढत होते, पदर नीट घेतलेला. ताटात बघतच म्हणाले, "मशीन चांगली बनवली, सूनबाई."

"हो, मामाजी."

"पन तिले दम लागते."

मी आत निघून गेले. चुलीपाशी जाऊन रडले, आणि हसलेही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उरलेल्या मंडयांना मी मशीनबरोबर गेले. लोक म्हणायचे, मशीनची एवढी काळजी, बसूनच राहते बाई तिच्यापाशी.

हे मागच्या वर्षीचं. उन्हाळ्यात मामाजींना खोकला धरला, तो पावसाळ्यातही सुटला नाही. डॉक्टर म्हणतात छातीत दम उरला नाही, जपा. मी एरवी कुठल्याही यंत्राला तोंड देईन, पण यात काय बदलायचं आणि कुठून आणायचं? आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी डीपीखाली उभी राहते आणि सूर ताडून घेते. शेजारीण विचारते, बाई, रोज काय बघता वर? लाईन बघते म्हणते. भीती वाटते की माझा सूर हलेल. त्याहून मोठी भीती ही, की सूर तयार असेल आणि उचलणारा नसेल.

काल त्यांचा फोन आला. "येऊन राहिली ना, सूनबाई? मंडई हाय रविवारी." दोन वाक्यांमध्ये श्वास अडकत होता, मला ऐकू येत होता. मी म्हटलं, मामाजी, यंदा राहू द्या. डॉक्टर नाही म्हणतात. मशीन द्या हवी तर, बाकीचे नमनाशिवाय दंडार करतील.

"मशीन राहू दे," ते म्हणाले. मग खोकले, बराच वेळ. मी रिसीव्हर कानाला लावून उभी. बाहेर डीपी गुंगत होती.

"तू ये. यंदा दम दोघायलेही लागन. थांबत थांबत घेऊ."